जोड नसलेला सायलेन्सर

नंदूमामाच्या गाडीत पोरं झोपतात, अशी सोलापूरजवळच्या कुंभारीच्या वसाहतीत बोलवा होती. कुणी तसं तोंडावर म्हणालं की नंदू मान खाली घालून हसायचा आणि व्हॅनच्या पत्र्यावरून उगाच फडकं फिरवायचा. शाळेची गाडी म्हटलं की खडखडाट आणि आरडाओरडा आलाच. त्याची पांढरी व्हॅन मात्र सकाळी वळणावर येऊन उभी राहिली, तरी दारात येऊन बघितल्याशिवाय आयांना कळायचं नाही. एवढी शांत. तो शांतपणा नंदूनं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या अंगणात तयार केला होता. पुढं त्याच शांतपणाची आठवण त्याला नकोशी झाली, पण ते पुढचं.

नंदू मूळचा वेळापूरच्या शिवारातला. तिघा भावांत शेत थोडं, म्हणून दहावीनंतर या धाकट्यानं अकलूज गाठलं आणि तिथल्या एका डेअरीत पाइप फिटर म्हणून चिकटला. एकोणीस वर्षं होता. दुधाच्या पाइपाचं काम पाण्याच्या पाइपासारखं नसतं. पाण्याचा नळ थोडा गळला तरी चालतो. दुधाच्या पाइपात आतून केसाएवढी खाच राहिली, तर तिथं दूध साचतं, आंबतं आणि सकाळपर्यंत अख्खी टाकी नासवतं. त्याला शिकवणारे सयाजी मिस्त्री नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट दाखवायचे. जोडाच्या आतून नख फिरवायचं. नख अडलं तर जोड कापायचा आणि पुन्हा करायचा. चांगला जोड कुठला असं विचारलं, तर मिस्त्री म्हणायचे, जो द्यावाच लागला नाही तो.

हे नंदूच्या अंगात असं मुरलं की लग्नाला गेला तरी तो मांडवाच्या पाइपांचे जोड मोजत बसायचा. अनसूया, त्याची बायको, कोपरानं ढोसून म्हणायची, "माणसांकडं बघा की जरा."

मग डेअरीत नवी यंत्रं आली. यंत्रांबरोबर कंपनीची माणसं आली आणि जुन्या फिटरांना हिशेब चुकता करून घरी पाठवलं. निघताना मॅनेजरनं भंगारातलं काही हवं तर घेऊन जा म्हटलं. कुणी कॅन उचलले, कुणी व्हॉल्व्ह. नंदूनं एक स्टेनलेसचा पाइप घेतला. नऊ फुटांच्या वर लांब, आरशासारखा, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही जोड नसलेला. अनसूयाचा भाऊ कुंभारीच्या वसाहतीत राहायचा, त्याच्या ओळखीनं तिथं एक घर मिळालं. पाइपही टेंपोतून आला आणि अंगणातल्या भिंतीवर दोन खिळ्यांवर आडवा बसला. सात वर्षं त्याच्यावर टॉवेल वाळत होते.

कुंभारीत आल्यावर नंदूनं जुनी व्हॅन घेतली आणि सोलापूरच्या शाळेत पोरं सोडायचं काम धरलं. अकरा पोरं. त्यांच्यात पहिली चढणारी आणि शेवटी उतरणारी अपेक्षा होती, पलीकडच्या गल्लीतल्या सिद्धेश्वरीची मुलगी, सातवीतली. सिद्धेश्वरी घरी शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची. नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा दिसणारा. अपेक्षा अंगानं काटकुळी, पण खो-खोत पाय जमिनीला लागतो की नाही असं वाटावं अशी पळायची. नंदूला खो-खोचं कळायचं. वेळापूरच्या मातीत वाढलेल्या माणसाला तो खेळ शिकवावा लागत नाही. अपेक्षा अगदी मागच्या बाकावर, मागच्या दाराला पाठ लावून बसायची आणि तिथून ओरडून विचारायची, मामा, खांबाजवळ हूल कशी द्यायची? नंदू आरशात बघून सांगायचा. जानेवारीच्या शेवटी वेळापूरला निवड चाचणी होती. निवडलेल्या मुलींना वर्षभराचं शिबिर मिळणार होतं. तिला मीच गाडीतून घेऊन जाईन, हे नंदूनं जूनमध्येच कबूल करून टाकलं होतं.

त्या पावसाळ्यात व्हॅनचा सायलेन्सर सडला. आधी एक भोक पडलं, मग पोटच फाटलं. गाडी फटफटत चालायला लागली. शाळेतून सांगणं आलं की वर्ग चालू असताना ही गाडी फाटकाजवळ आणू नका. नवा सायलेन्सर नंदूच्या आवाक्याबाहेर नव्हता, पण दिवाळीच्या तोंडावर जड जाणारा होता. आणि खरं सांगायचं तर त्याला तो विकत घ्यायचाही नव्हता. एकोणीस वर्षं पाइप वाकवलेला माणूस चार फुटांच्या पत्र्याच्या नळीसाठी दुकानात रांग लावणार, हे त्याच्या मनाला पटेना.

दिवाळीच्या सुट्टीत त्यानं भिंतीवरचा पाइप खाली घेतला.

काम बघायला सगळी गल्ली जमायची. त्यानं पाइपात कोरडी वाळू ठोकून ठोकून भरली, दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या मारल्या आणि कोळशाच्या भट्टीवर वाकवायची जागा लाल केली. आत वाळू असली की पाइप वाकताना चेपत नाही. मागच्या ॲक्सलवरून नळी नेण्यासाठी दोन वळणं लागणार होती. दोन्ही त्यानं डोळ्यानं मापून दिली आणि गाडीखाली निजून बघितलं तर बोटभराचाही फरक नव्हता. मधे आवाज जिरवणारा डबा हवा. त्याला त्यानं दुधाची एक जुनी स्टीलची किटली दोन्हीकडून कापून वापरली. पाइप डब्यातून आरपार जाणार होता, म्हणून तिथं तोडण्याऐवजी त्यानं तेवढ्या भागाला ड्रिलनं बारीक भोकं पाडली. तीनशेच्या वर. भोकं आणि किटली यांच्यामधल्या पोकळीत काय भरायचं हा प्रश्न अनसूयानं सोडवला. भांडी घासायची स्टीलची घासणी जळत नाही, म्हणाली. मंगळवार बाजारातून तिनं चार डझन आणल्या. दुकानदारानं खाणावळ काढताय का म्हणून विचारलं.

अक्कलकोट रोडवर ईश्वरप्पाचं छोटं गॅरेज होतं. ग्राइंडर आणि जॅक त्याचाच. तो सामान द्यायला आला आणि गाडीखाली वाकून बराच वेळ बघत राहिला. वेल्डिंगची रेघ बघून त्यानं जीभ टाळूला लावून कौतुकाचा आवाज काढला, जो त्याच्याकडून कुणाला सहसा मिळत नसे. मग मागच्या टोकाला बोट लावून म्हणाला, "हे आखूड झालंय की रे."

वळणांनी लांबी खाल्ली होती. नळी मागच्या बंपरच्या आत दीड वीत संपत होती, बरोबर मागच्या बाकाखाली.

"हितं एक तुकडा जोड," ईश्वरप्पा म्हणाला. "धूर गाडीच्या भाईर पडाय पायजे."

नंदू हसला. तुकडा त्याच्याकडं होता, वेल्डिंगची सळईही होती, अर्ध्या तासाचं काम होतं. पण पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत एक अखंड पाइप, मधे कुठंही नख अडणार नाही असा, हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी केलं होतं. शेवटाला ठिगळ लावायचं त्याच्या जिवावर आलं. धूर काय, मागं उडून जातोच, असं तो म्हणाला. दुधाचा माणूस तो. पाइपाच्या आत काय होतं एवढंच त्यानं एकोणीस वर्षं बघितलं होतं. पाइपातून बाहेर पडलेलं कुठं जातं, हे बघायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

ईश्वरप्पानं खांदे उडवले. "तुजी गाडी, तुजा पाइप."

त्यानं गाडी सुरू केली, तरी गल्लीतली माणसं विचारत राहिली, गाडी सुरू झाली का?

शाळा उघडली, थंडी पडली. कुंभारीपासून शहरापर्यंत मोकळ्या रानातून वारा येतो, म्हणून पोरं सगळ्या काचा बंद करून घ्यायची. नंदूची स्वतःची काच मात्र उघडी असायची. कोपर बाहेर काढल्याशिवाय त्याला गाडी चालवता येत नसे. आधी भांडणारी, गाणी म्हणणारी पोरं आता दहा मिनिटांत एकमेकांच्या खांद्यावर माना टाकायची. नंदू आरशातून बघायचा आणि त्याला भरून यायचं. आवाज नाही म्हणून लेकरं झोपतात, असं तो फाटकापाशी इतर गाडीवाल्यांना सांगायचा. ते हेव्यानं ऐकायचे.

अपेक्षा सगळ्यात गाढ झोपायची. शाळेपाशी तिला हलवून उठवावं लागायचं. ती उतरायची ती कपाळ दाबत. पृथ्वीराज सर, त्यांचे खेळाचे शिक्षक, शाळा भरायच्या आधी तासभर सराव घ्यायचे. डिसेंबरात एकदा तिला सरावात उलटी झाली. आठवड्यानं पुन्हा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती खांबाकडं पळता पळता गुडघ्यावर बसली आणि तशीच आडवी झाली. सिद्धेश्वरीनं तिला दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं. अशक्तपणा आहे, पोरीला ताण देऊ नका, असं सांगण्यात आलं. सिद्धेश्वरीनं मनाशी हिशेब केला. रविवारी सराव नसतो, रविवारी पोरगी ठणठणीत असते. म्हणजे खेळच तिला सोसत नाही. तिनं खो-खो बंद केला. निवड चाचणीचं नावही घरात काढायचं नाही म्हणाली.

नंदूला वाईट वाटलं. तो त्यांच्या घरी शेंगदाणे आणि गूळ देऊन आला. तेव्हा त्याला खरंच काही माहीत नव्हतं. पुढं त्यानं स्वतःला अनेकदा हे सांगून पाहिलं, की तेव्हा आपल्याला काही माहीत नव्हतं. पण ते फक्त त्या आठवड्यापुरतंच खरं होतं.

सिद्धेश्वरीनं शिवलेल्या शर्टांचा गठ्ठा कधीकधी नंदू शहरातल्या कारखानदाराकडं पोचवायचा. संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेआधीच्या शनिवारी दिलेला गठ्ठा कारखानदारानं वास येतो म्हणून परत पाठवला. दिवसभर तो व्हॅनच्या मागच्या दाराशी पडून होता. सिद्धेश्वरीनं एक पांढरा शर्ट नंदूच्या नाकापुढं धरला आणि चेष्टेनं म्हणाली, "अण्णा, गाडीत चूल मांडलीया का काय तुमी?"

नंदूनं वास घेतला. तो हसला नाही. घरी येऊन त्यानं व्हॅनचं मागचं दार उघडलं. दाराचा रबर कडक होऊन ठिकठिकाणी चिरला होता आणि प्रत्येक चिरेच्या आतल्या बाजूला काळी रेघ होती. बोट फिरवलं, बोट काळं झालं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यानं ईश्वरप्पाला गाडी चालवायला बसवलं आणि आपण अपेक्षाच्या जागेवर, मागच्या दाराला पाठ लावून बसला. ईश्वरप्पाच्या बाजूची सोडून सगळ्या काचा बंद. ईश्वरप्पानं वळसंगच्या दिशेनं गाडी काढली. वास असा फारसा आलाच नाही. वीसेक मिनिटांनी नंदूच्या कपाळावर कुणीतरी पट्टा आवळल्यासारखं झालं आणि मग डोळ्यांवर झोप आली. गोड, जड झोप, अंगाई म्हटल्यासारखी. त्या झोपेतच त्याला कळलं की पोरं कशानं झोपत होती. त्यानं काच खाली ओढली आणि डोकं बाहेर काढलं.

ईश्वरप्पानं गाडी कडेला घेतली. गाडी पळते तेव्हा तिच्या पाठीमागं पोकळी होते, ती बुडाखालचा धूर वर खेचते, आणि फटी असल्या की तो आत येतो, हे त्यानं समजावलं. धुरातलं जे वास मारतं ते नाही, तर ज्याला वासच नाही ते माणसाला झोपवतं. तो तुकड्याबद्दल एक शब्द बोलला नाही. फक्त एवढंच म्हणाला की त्या पोरीच्या आईला सांगून टाक.

दुपारी नंदूनं नळीला दोन विती तुकडा जोडला, तोंड बंपरच्या बाहेर काढलं, दाराचा रबर नवा बसवला. अर्धा तास. वेल्डिंग ओबडधोबड झालं. त्यानं आतून नख फिरवून बघितलंच नाही.

अनसूयाला त्यानं सगळं सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली आणि म्हणाली, "आत्ता जावा. सिद्धेश्वरी घरीच हाय." उद्या सांगतो, असं तो म्हणाला. सोमवारी पोरं गाडीत बसली, आणि गाणी म्हणायला लागली. मंगळवारी दोघांची मारामारी झाली. सगळं पहिल्यासारखं झालं होतं. मग सांगायला तोंड उघडावं तर अकरा घरांची तोंडं त्याच्या डोळ्यांपुढं यायची. मामा म्हणून लेकरं ज्याच्या हवाली केली, त्यानं दोन महिने त्यांना धूर पाजला. हे वाक्य त्याच्या जिभेवर यायचं आणि तिथंच बसायचं. गाडी तर आता नीट झाली आहे, असं तो स्वतःला समजवायचा. अनसूयानं चार दिवस विचारलं. मग तिनं विचारणं सोडून दिलं, आणि ते त्याला जास्त लागलं.

यात्रेची सुट्टी संपली. एका सकाळी सिद्धेश्वरी अपेक्षाला गाडीत बसवायला आली. ती खुशीत होती. पोरीच्या गालावर हात फिरवून म्हणाली, "बगा अण्णा, खेळ बंद केला आन् पोरगी कशी ठीक झाली. डोकं न्हाय, उलटी न्हाय. मी म्हनलं नव्हतं, त्यो खेळच तिला सोसत न्हाय म्हणून?"

अपेक्षा आईकडं न बघता मागच्या बाकावर जाऊन बसली. तिच्या हातात बुटांची पिशवी नव्हती.

नंदू स्टिअरिंगवर हात ठेवून होता. खेळ बंद केला त्याच आठवड्यात त्यानं नळी लांब केली होती, हे सांगायला त्याला पाच शब्द पुरले असते. तो म्हणाला, "व्हय."

तो एक शब्द. पुढच्या काळात नंदूनं पाइप आखूड का ठेवला याचा फारसा विचार केला नाही. ती चूक होती, माणसाच्या हातून होते. तो विचार करायचा त्या शब्दाचा.

चाचणीला आठवडा उरला असताना पृथ्वीराज सरांनी त्याला फाटकापाशी गाठलं. अशी पोरगी दहा वर्षांत एकदा हाताला लागते, तुम्ही वेळापूरचे, तिच्या आईला तुम्हीच समजावा, असं म्हणाले. नंदू गेला. त्यानं खेळाचं महत्त्व सांगितलं, गावाकडच्या पोरींची उदाहरणं दिली, नोकरीत खेळाडूंना जागा असतात तेही सांगितलं. सगळं सांगितलं, ते एक सोडून. सिद्धेश्वरीनं दोऱ्याचं टोक दातानं तोडलं आणि शांतपणे विचारलं, "तुमची पोरगी आसती तर धाडली आसती?" देता येण्यासारखं एकच उत्तर होतं. नंदू चपला घालून बाहेर पडला.

चाचणीच्या रविवारी तो दिवसभर अंगणात बसून होता. दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं की दोन मुली निवडल्या गेल्या. त्यातली एक अपेक्षाच्या जागी गेलेली होती. गाडीत सगळी पोरं तिच्याबद्दल बोलत होती. नंदूनं आरशात बघितलं. अपेक्षा जागी होती आणि खिडकीबाहेर बघत होती.

फेब्रुवारी असाच गेला. मार्चच्या सुरुवातीला सिद्धेश्वरीनं त्याच्या हातात एक पाकीट दिलं. मुख्याध्यापकांना द्यायचं. तिनं डॉक्टरांकडून लिहून आणलं होतं, की या मुलीला खेळाच्या तासाला बसवू नये, प्रार्थनेनंतर पळायलाही लावू नये, पुढचं वर्षही नाही. पोरीची नाजूक तब्येत कागदावर आलेली बरी, म्हणाली.

पाकीट नंदूच्या शर्टाच्या खिशात तीन दिवस राहिलं. मुख्याध्यापकांच्या दारापर्यंत तो दोनदा गेला. शिपायानं काय पाहिजे म्हणून विचारलं की परत यायचा. तिसऱ्या दिवशी पोरं सोडून झाल्यावर तो घरी गेलाच नाही. गाडी सरळ सिद्धेश्वरीच्या दारात लावली. अपेक्षा नुकतीच उतरून आत हातपाय धूत होती.

सिद्धेश्वरी मशीनवर होती. नंदूनं पाकीट तिच्यापुढं ठेवलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. पाइप, दीड वीत, रबर, शर्टांचा वास, वळसंगचा रस्ता. मशीन कधी थांबलं ते त्याला कळलं नाही.

"म्हंजी पोरगी धुरानं पडत हुती," सिद्धेश्वरी म्हणाली.

"व्हय."

"खेळानं न्हाय."

"न्हाय."

ती बराच वेळ हातातल्या कापडाची शिवण नखानं सरळ करत राहिली. नंदूला वाटलं आता ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुमाला कदी कळलं?" तिनं विचारलं.

नंदूच्या मनात आलं की इथं एक तारीख पुढं ढकलता येईल. काल कळलं म्हणता येईल. त्यानं भिंतीकडं बघितलं.

"गड्ड्याच्या आदी. शर्ट परत आला त्याच्या दुसऱ्या दिवशी."

सिद्धेश्वरीनं बोटावर काही मोजलं नाही, पण तिनं मोजलं. "तवा चाचणीला पंधरा-इस दिस हुते." ती त्याच्याकडं बघत म्हणाली, "अण्णा, मी तुमाला म्हनलं, खेळ बंद केला आन् पोरगी ठीक झाली. तुमी व्हय म्हनला. गाडीत बसून व्हय म्हनला."

नंदूनं खाली पडलेलं दोऱ्याचं रीळ उचलून मशीनवर ठेवलं.

"नळीचं मी समजून घीन," ती म्हणाली. "मशीनची सुई माझ्या बी बोटात जाती. पर ह्ये न्हाय वो समजत मला." मग आवाज न चढवता तिनं आतल्या दाराकडं हात केला. "तिला तुमी सांगा. माझ्या तोंडून नको."

अपेक्षा ओल्या हातांनी दारात उभीच होती. तिनं सगळं ऐकलं होतं. नंदूला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाही, आणि त्याला तेही अवघड गेलं, कारण सुरुवात कुठून करायची ते तो घोकून आला होता.

"मग मी आजारी नव्हते?" तिनं विचारलं.

"न्हाय गं. कदीच नव्हतीस."

तिनं ओले हात गणवेशाला पुसले. "मला वाटायचं माझं अंगच तसलं हाय," ती म्हणाली. रागानं नाही. चुकीचा निघालेला हिशेब पुन्हा मांडून बघावा, तसं.

त्या आठवड्यात नंदू उरलेल्या घरी जाऊन आला. प्रत्येक दारात उभं राहून तेच सांगितलं. चार घरांनी दुसऱ्याच दिवशी पोरं काढून घेतली. एका बापानं अंगणातच त्याची कॉलर धरली आणि मग सोडली. काही जण म्हणाले झालं ते झालं, आता नीट केलंय ना. त्यांनी एवढ्या लवकर माफ करू नये असं नंदूला वाटलं. अपेक्षा बसनं जायला लागली. सिद्धेश्वरीनं शर्टांचे गठ्ठे त्याच्याकडं द्यायचं बंद केलं. रस्त्यात भेटली की तोंड फिरवायची नाही, पण अण्णा म्हणायची नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा अपेक्षा पुन्हा सरावाला येते, असं कानावर आलं. नंदू एके सकाळी पोरं सोडल्यावर मैदानाच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिला. पृथ्वीराज सरांनी त्याला बघितलं. त्यांनाही सगळं ठाऊक होतं. बोलायचं की नाही असं करत ते शेवटी जवळ आले.

अपेक्षा पाठलागाला होती. खो मिळाला आणि ती उठली, आणि इतकी छान सुटली की नंदू कुंपणावरून पुढं वाकला. उंची वाढली होती, पाऊल लांब पडत होतं. पुढची मुलगी खांबाकडं वळली, अपेक्षाही वळली, हातभर अंतर राहिलं. आणि तिथं ती थबकली. अर्धा क्षण. हात कपाळापाशी गेला, डोळे मिटून उघडले. तोवर पुढची मुलगी निसटली होती.

"रोज असंच करते," सर म्हणाले. "काही होत नाही तिला. विचारलं तर म्हणते, गरगरतंय का ते बघते फक्त."

"जाईल का हे?" नंदूनं विचारलं.

"जाईलही," सर म्हणाले, आणि शिट्टी तोंडात धरून मैदानाकडं वळले.

नंदू डाव संपेपर्यंत उभा राहिला. अपेक्षा आणखी दोनदा उठली. दोन्ही वेळा पुढच्या मुलीच्या अगदी जवळ पोचली, आणि दोन्ही वेळा थांबून तिनं आपलं डोकं तपासलं. डावानंतर मुली पाणी प्यायला कुंपणाकडं आल्या. तिनं त्याला बघितलं. हात वर करावा की नाही हे त्याला ठरवता आलं नाही. ती पाणी प्यायली, ओठ पुसले आणि परत आपल्या जागेवर जाऊन, गुडघा टेकवून, खो मिळायची वाट बघत बसली.